‘एकदाचं युद्ध करून टाका’ या चर्चेत टी.ए.तला माणूस गप्प का असतो?

तुमचा प्रश्न असा आहे. पहलगामनंतर तुम्ही रोज बातम्या बघता आणि प्रत्येक हल्ल्यानंतर वाटतं की एकदाचं युद्ध करून हा विषय संपवावा. पण ऑफिसातले टेरिटोरियल आर्मीत (टी.ए., म्हणजे नागरिकांतून उभं केलेलं राखीव दल) असलेले दोघे सहकारी या चर्चेत सूर मिसळत नाहीत. ते का गप्प बसतात, युद्ध, दहशतवाद आणि जगातल्या घडामोडींकडे ते कसं बघतात, हे तुम्हाला समजून घ्यायचंय. शेवटी असंही विचारलंय, की वय ३१, पुण्यात नोकरी, एक मूल, तर टी.ए.साठी अर्ज करावा का? अर्जाचं शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर आधीच्या मजकुरावरच अवलंबून आहे.

या गप्प बसण्याचा भित्रेपणाशी संबंध नाही, आणि राग आम्हा टी.ए.वाल्यांना येत नाही असंही नाही. पहलगामच्या २६ मृतांत महाराष्ट्रातले सहा जण होते. फरक आहे तो कानाला लागलेल्या सवयीचा. युद्ध हा शब्द ऐकला की राखीव दलातल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘किती दिवस?’ कारण त्याचं अस्तित्वच या प्रश्नामुळे आहे. पहिल्या दिवसाची लढाई नियमित सैन्य लढतं. ती ठरल्यापेक्षा लांबली तर काय, यासाठी राखीव दल ठेवलेलं असतं.

एक उदाहरण घ्या. ६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने टेरिटोरियल आर्मीच्या नियमांतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना टी.ए.चे अधिकारी आणि जवान बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ तैनात करता येतील असं त्यात होतं. बहुतेकांनी त्या आदेशाची तारीख पाहिली आणि ‘आता युद्ध’ म्हणून तो पुढे पाठवला. टी.ए.तल्या माणसाने मुदत पाहिली. ती होती ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. प्रत्यक्ष संघर्ष ७ मेच्या पहाटे सुरू झाला आणि १० मेच्या संध्याकाळी पाच वाजता थांबवायचं ठरलं. चार दिवसांची चकमक आणि तीन वर्षांची मुदत, या दोन आकड्यांत जे अंतर आहे, ते आमच्या विचाराचं घर आहे.

आधी टी.ए. म्हणजे काय ते दोन ओळींत. १९४८ चा कायदा, ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उद्घाटन. एरवी नोकरी-धंदा करणारी माणसं वर्षाकाठी साधारण दोन महिने गणवेशात जातात आणि बोलावणं आलं की पूर्णवेळ सैनिक होतात. पायदळाच्या बटालियना आहेत, रेल्वे आणि तेलक्षेत्राच्या खात्यांशी जोडलेली युनिट्स आहेत, झाडं लावणारी पर्यावरण युनिट्स आहेत, आणि जम्मू-काश्मीरमध्ये स्थानिकांतून उभी केलेली ‘होम अँड हर्थ’ युनिट्स आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली १०९ टी.ए. बटालियन कोल्हापुरात आहे, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

आता हिशेबाकडे येतो, कारण ‘किती दिवस’ हा प्रश्न भावनेचा नसून बेरीज-गुणाकाराचा आहे.

टी.ए.चं सर्वांत नेहमीचं काम घ्या, एका पुलाचं रक्षण. दोन्ही टोकांना दोन-दोन, म्हणजे चार संत्री-ठाणी (पहारेकऱ्याच्या जागा). संत्री दोन तास उभा राहतो आणि चार तास विश्रांती घेतो. म्हणजे एका ठाण्यावर चोवीस तास एक माणूस हवा असेल तर तीन माणसं लागतात. रात्री जोडी ठेवायची तर सहा. चार ठाण्यांना चोवीस. त्यावर गार्ड कमांडर, त्याचा सहायक, रेडिओवरचा माणूस, स्वयंपाकी, आणि गडबड झालीच तर धावून जायला पाच-सहा जणांची तुकडी. आकडा पस्तिशीत गेला. महिना उलटला की रजा, आजारपण, कोर्टाची तारीख, घरचं लग्न सुरू होतं. चौथा हिस्सा माणसं कायम बाहेर धरायची. म्हणजे एका पुलासाठी चाळीस-पंचेचाळीस माणसं. एका जिल्ह्यात असे पूल, तेलाचे डेपो, रेल्वेचे यार्ड, टॉवर मिळून वीस जागा धरल्या, तर एक आख्खी बटालियन नुसती उभी राहण्यात संपते. तिने एक गोळीही झाडलेली नसते.

हे काम टी.ए.ने केलं नाही तर ते नियमित पलटणींना करावं लागतं आणि सीमेवरची माणसं तेवढी कमी होतात. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टी.ए.ची युनिट्स होती, त्यामागे मोठा भाग याच गणिताचा आहे.

यात बिघडतं कुठे, तेही सांगतो. पहिला आठवडा सगळे ताजेतवाने असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहाटे तीन ते पाचची वेळ घातक होते. झोप, थंडी आणि कंटाळा एकत्र येतात, संत्री ‘कोण आहे?’ असं आव्हान द्यायला उशीर करतो किंवा न देताच घोडा दाबतो. आपल्याच माणसावर गोळी चालण्याचे प्रसंग बहुधा इथे घडतात. परवलीचा शब्द बदलला जातो पण गस्तीवर गेलेल्या तुकडीपर्यंत तो पोचत नाही. खिशातल्या मोबाइलने ठाण्याची जागा बाहेर पडते. यावरचे उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. कमांडरने याच दोन तासांत स्वतः फेरी मारायची, परवल ठरल्या वेळी बदलायची आणि प्रत्येक तुकडीकडून ‘मिळाली’ असं ऐकल्याशिवाय लागू करायची नाही, फोन गोळा करून ठेवायचे. हे तीस दिवस जमतं. तीनशे दिवस जमवायला पाळीची दुसरी बटालियन लागते. लांबलेलं युद्ध म्हणजे हीच दुसरी आणि तिसरी पाळी.

दुसरा हिशेब तोफखान्याचा, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण पंचेचाळीस किलोचा. तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये १८ तोफा. प्रत्येक तोफेने दिवसाला शंभर गोळे टाकले असं धरू; जोरदार लढाईत हा आकडा अवास्तव नाही. म्हणजे १८०० गोळे, ८१ टन. त्यावर दारूचे चार्ज, फ्यूज आणि पेट्या धरल्या की शंभर टन. दहा टनी ट्रक धरले तर रोज दहा ट्रक. डेपोपासून जाऊन-येऊन दोन दिवस लागत असतील तर रस्त्यावर वीस ट्रक, आणि नादुरुस्त होणारे मोजले तर पंचवीस. हे एका रेजिमेंटच्या फक्त गोळ्यांसाठी. डिझेल, पाणी, शिधा, जखमींना मागे आणणं, सगळं वेगळं. कारगिलमध्ये १९९९ साली, एका मर्यादित पट्ट्यातल्या अडीच महिन्यांच्या लढाईत, अडीच लाखांच्या घरात तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटं वापरली गेली. आता तोच आकडा पूर्ण सीमेवर पसरून बघा.

हे गोळे येतात कुठून? बराच भाग आपल्याच विदर्भ-खानदेशातून. अंबाझरी, भंडारा, भद्रावतीजवळचा चांदा कारखाना, वरणगाव, इकडे खडकी. पुलगावला दारूगोळ्याचा मध्यवर्ती डेपो. नकाशावर पाहिलंत तर हे सगळे सीमेपासून लांब, देशाच्या पोटात आहेत; ते मुद्दाम. पण त्यामुळेच पुलगावहून पठाणकोटपर्यंतची मालगाडी हा युद्धाचा भाग होतो आणि रेल्वेचा टी.ए.तला माणूस सैनिक ठरतो. कॅगच्या २०१७ च्या अहवालात दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांपेक्षा कमी असल्याची नोंद होती, आणि ठरलेला मापदंड तर ४० दिवसांच्या तीव्र युद्धाचा होता. त्यानंतर खरेदीचे अधिकार खाली दिले गेले, उत्पादनही वाढवलं गेलं. मी हा आकडा आजची परिस्थिती म्हणून सांगत नाही. ‘करून टाका’ म्हणताना कोणता प्रश्न विचारायला हवा, ते दाखवायला सांगतोय.

आणि हा विचार काही परदेशी पुस्तकातला नाही. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे लष्करी अंमलदारांना, जे पत्र लिहिलं, त्यात तलवारीची गोष्ट फारशी नाही. पावसाळ्यापुरती वैरण आणि दाणा साठवलाय, मन मानेल तसा उधळलात तर ऐन पावसात संपेल, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात हात घालाल, आणि उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल तर गवताच्या गंजी जळतील, असा तो मजकूर आहे. ‘किती दिवस पुरेल’ आणि ‘नाही पुरलं तर कोणाच्या घरावर येईल’ हे दोन्ही प्रश्न त्यात आहेत. राखीव दलातल्या माणसाने ते पत्र पाठ करावं असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, १९७१ चं युद्ध तेरा दिवसांत संपलं होतं की. बरोबर, ३ ते १६ डिसेंबर. पण त्या तेरा दिवसांच्या मागे आठ महिने होते. पूर्व पाकिस्तानातली दडपशाही मार्चअखेर सुरू झाली. सैन्य लगेच घुसलं नाही. पावसाळ्यात तिथल्या नद्या ओलांडणं अवघड होतं, म्हणून तो उलटू दिला. हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतात, म्हणून उत्तरेची, म्हणजे चीनची, काळजी कमी झाली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. दरम्यान रस्ते, साठे, बंगाली बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीचं प्रशिक्षण. आणि उद्दिष्ट असं होतं की ते कधी साध्य झालं हे दोन्ही बाजूंना एकाच दिवशी कळलं. ही शेवटची गोष्ट फार दुर्मीळ असते. लहान युद्धाचं खरं कारण बहुतेक वेळा शौर्यापेक्षा हेच असतं की थांबायची खूण आधी ठरलेली असते.

उलट बाजू युक्रेन. फेब्रुवारी २०२२ मध्ये जगभर दिवसांच्या भाषेत बोललं जात होतं. सात महिन्यांनी, २१ सप्टेंबरला, रशियाला तीन लाख राखीव माणसं बोलावण्याची घोषणा करावी लागली. २०२४ मध्ये युक्रेनला सक्तीच्या भरतीचं किमान वय २७ वरून २५ वर आणावं लागलं. सैन्य कोणत्या वयाला हात घालतंय, हे युद्धाच्या लांबीचं सर्वांत प्रामाणिक मोजमाप आहे. इस्रायलचं उदाहरणही घ्या. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर काही दिवसांत तिथे सुमारे ३ लाख ६० हजार राखीव सैनिक बोलावले गेले. जेमतेम एक कोटी लोकसंख्या असलेल्या देशात ही माणसं आकाशातून येत नाहीत. कोणी डॉक्टर असतो, कोणी प्रोग्रॅमर, कोणी दुकानदार. दवाखाना, ऑफिस, दुकान त्या दिवसापासून अडतं. म्हणून मोठं राखीव दल असलेल्या देशाला एक तर लवकर जिंकावं लागतं, नाही तर माणसं पाळीपाळीने घरी सोडावी लागतात. आपल्याकडे नियमित सैन्य मोठं आहे आणि टी.ए. तुलनेने लहान, म्हणून हा ताण वेगळ्या पद्धतीने येईल, पण तो येणारच नाही असं नाही.

बळ कधी वापरूच नये, असं यातून कोणी काढू नये. ७ मेच्या कारवाईत नऊ ठिकाणं निवडली गेली, ती दहशतवादी तळ म्हणून जाहीर केली गेली, आणि कारवाई मोजूनमापून केली असल्याचं सरकारने लगेच सांगितलं. तुमच्या-माझ्या दृष्टीने त्यात महत्त्वाचं हे, की समोरच्याला परत फिरायची वाट दिसेल अशी भाषा होती. पुढे दोन्ही बाजूंचे डीजीएमओ (लष्करी कारवायांचे महासंचालक) फोनवर बोलले आणि थांबले. प्रत्येक वेळी असंच होईल का? नाही. ते समोरच्याच्या घरातल्या राजकारणावर, त्या दिवशी कोणाचं विमान पडलं यावर, आणि एखादा गोळा चुकून कुठे पडला यावरही अवलंबून असतं. म्हणूनच गणवेशातला माणूस भाकीत करत नाही.

दहशतवादाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तो युद्धाचा धाकटा भाऊ नव्हे. युद्धाचं माप दिवसांत आहे. दहशतवादाचं एकीकडे मिनिटांत आणि दुसरीकडे वर्षांत. या दोन्ही टोकांना तोफ उपयोगी पडत नाही.

मिनिटांची बाजू २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईने पाहिली. दहा माणसं समुद्रातून आली, १६६ जण मारले गेले, शहर तीन रात्री अडकलं. एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचं मुख्य बळ हरियाणात मानेसरला होतं. विमान, मग विमानतळापासून रस्ता, यात पहिले तास गेले, आणि बहुतेक माणसं पहिल्याच तासांत मारली गेली होती. त्यानंतर एनएसजीची केंद्रं मुंबईसह इतर शहरांत आली आणि महाराष्ट्राने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभं केलं. ही मिनिटं कमी करण्याची कामं आहेत. अजून एक गोष्ट तेव्हा उघड झाली. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघून पलीकडचे सूत्रधार फोनवरून आतल्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंदी आली. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, त्यामुळे ती बंदी तुम्ही स्वतःवर घातली तरच तिला अर्थ.

वर्षांची बाजू कमी दिसते. तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन कसाबला जिवंत पकडू दिलं, म्हणून जगापुढे नाकारता न येणारा पुरावा उभा राहिला. खटला, अपील, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. याच हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणला गेला, हल्ल्यानंतर सोळा वर्षांनी. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ एफएटीएफच्या (दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या) करड्या यादीत होता. पैशाच्या वाटा आवळण्याचं ते काम कोणत्याही दिवसाच्या बातमीत मावलं नाही. आणि त्याआधीचा धडा कोकणातला आहे. मार्च १९९३ च्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरलं, आणि लाच घेऊन ते जाऊ देणारे सरकारी नोकर पुढे न्यायालयात दोषी ठरले. २५७ माणसं गेली. तिथे रणगाडा नव्हे, एक प्रामाणिक चौकी हवी होती.

काश्मीरमधल्या ‘होम अँड हर्थ’ युनिट्सचा उपयोगही इथेच आहे. गावातल्या मुलाला गावातला अनोळखी चेहरा लगेच कळतो, कोणाच्या घरी अचानक जास्त भाकऱ्या भाजल्या जातायत हे कळतं. बाहेरच्या पलटणीला ते कळायला दोन वर्षं लागतात आणि तोवर तिची बदली होते. दहशतवाद्याचं उद्दिष्ट असतं आपली प्रतिक्रिया. आपण घाईत सगळ्या गावावर राग काढला, तर ही कुजबुज ऐकू येणं बंद होतं. म्हणून दहशतवादी हल्ल्यानंतर शेजारच्या समाजाकडे बोट दाखवणारा संदेश पुढे पाठवणं, हे हल्लेखोराचं उरलेलं काम पूर्ण करणं आहे. हे मी शांतपणे लिहितोय, पण या एका गोष्टीचा मला मनापासून संताप येतो.

जागतिक घडामोडींचं थोडक्यात सांगतो. राखीव दलातला माणूस नेत्यांच्या भाषणांपेक्षा वाटा बघतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि न्हावा शेव्याहून युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी वाढला. नाशिकच्या द्राक्षाला हे पंधरा दिवस म्हणजे देठ सुकणं, मणी गळणं आणि वाढलेलं भाडं. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगाच्या वापरातल्या तेलापैकी जवळपास पाचवा हिस्सा जातो. तिथे तणाव वाढला की आपल्या टँकरचं डिझेलही महागतं आणि ज्यांची माणसं आखातात आहेत अशा रत्नागिरीच्या घरांतही झोप उडते. मग एखादी बातमी आली की स्वतःला विचारायचं, यातली कोणती वाट बंद होते, आणि पर्यायी वाट किती दिवसांची?

बातम्या वाचताना आम्ही काय बघतो, तेही सांगतो. सैन्याच्या हालचालीचा व्हिडिओ बघून युद्ध होणार म्हणू नका. सराव दरवर्षी होतात आणि गाड्या तेव्हाही दिसतात. क्षेपणास्त्र चाचणीसाठी हवाई क्षेत्र बंद ठेवल्याची सूचनाही नेहमीची. जे सरावात सहसा होत नाही ते बघा. २०२२ च्या जानेवारीत युक्रेनच्या सीमेजवळ रशियाने रक्ताचा साठा आणल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जाणकार सावध झाले, कारण सरावासाठी कोणी नाशवंत रक्त पुढे आणून ठेवत नाही. तसंच रजा रद्द करून बोलावलेली माणसं आठवड्यानंतरही घरी परतत नाहीत, फील्ड हॉस्पिटलं उभी राहतात, प्रवासी गाड्या बाजूला काढून मालगाड्यांना मार्ग दिला जातो. यातली एक खूण पुरेशी नसते. आणि ती तुम्हाला दिसलीच तर ती समाजमाध्यमावर टाकायची नसते, हेही त्यात आलं. ताफ्याचा व्हिडिओ, त्यातल्या गाड्यांची संख्या आणि मागचा मैलाचा दगड, एवढं समोरच्याला पुरतं.

नागरिक म्हणून लगेच उपयोगी पडेल असं दोन गोष्टींत आहे. ७ मे २०२५ ला देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावात भोंगे वाजले, पण खूप जणांना दोन आवाजांतला फरक ठाऊक नव्हता. चढउतार होणारा आवाज म्हणजे धोका, आसरा घ्या. सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. धोक्याच्या भोंग्यावर गच्चीवर बघायला जाऊ नका. खिडकीपासून दूर, इमारतीच्या आतल्या भिंतींकडे, खालच्या मजल्यावर जा. दुसरी गोष्ट रक्तस्राव. हाता-पायातून रक्त उसळत असेल तर माणूस काही मिनिटांत जातो, रुग्णवाहिका तोवर येत नाही. तळहाताने पूर्ण वजन टाकून जखमेवर दाबा आणि दाब सोडून ‘थांबलं का’ बघू नका. तरीही थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांध्यावर नव्हे, चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टा बांधून त्यात काठी घालून पिळा, रक्त थांबेपर्यंत. वेळ लिहून ठेवा आणि दवाखान्यापर्यंत सोडू नका. बारीक दोरी किंवा तार वापरली तर ती मांसात रुतते आणि रक्तही थांबत नाही. ही नेहमीची चूक. रस्त्यावरच्या अपघातांत हे युद्धापेक्षा जास्त वेळा लागेल.

आता तुमच्या अर्जाकडे. नागरिकांतून अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२, पदवी, आणि स्वतःचं उत्पन्नाचं साधन ही मुख्य अट आहे. लेखी परीक्षा, मुलाखत, मग एसएसबी (लष्कराच्या निवड मंडळाची चाचणी) आणि वैद्यकीय तपासणी. निवड झाली तर पहिल्या वर्षी महिन्याभराचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी सुमारे दोन महिन्यांचा कॅम्प, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं कमिशननंतरचं प्रशिक्षण. तपशील जाहिरातीगणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. गणवेशात असाल त्या दिवसांचा पगार नियमित सैन्याप्रमाणे. ही कायमची नोकरी नव्हे. निवृत्तिवेतनाच्या भरवशावर कोणी येऊ नये.

अडचण परीक्षेची कमी आणि नोकरीची जास्त. बोलावणं आलेल्या माणसाला परतल्यावर कामावर घेण्याचं बंधन कायद्याच्या कलम ७-अ मध्ये आहे. पण कायदा खुर्ची राखतो, बढती राखत नाही. पाच महिने प्रकल्पापासून दूर राहिलेल्या माणसाचं मूल्यांकन कसं होणार, त्या काळात कंपनी पगार देणार की बिनपगारी रजा धरणार, हे अर्जाआधी एचआरकडून लेखी घ्या. सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत हे सोपं जातं. लहान स्टार्टअपमध्ये, जिथे तुमचं काम दुसऱ्या कोणाला येत नाही, तिथे अवघड.

शरीराचंही आहे. दहा महिने खुर्चीत बसून कॅम्पला आलेल्याचं पहिल्या आठवड्यात नडगीचं हाड आणि गुडघा दुखतो, आणि पहिल्या दिवशी टार्गेटवर गोळ्या पसरलेल्या दिसतात. नेमबाजी दोन-तीन दिवसांत परत येते, गुडघा येत नाही. वर्षभर आठवड्यातून चार दिवस धावा, त्यातला एक दिवस बूट घालून, पाठीवर दहा किलो घेऊन चाला. दर महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त वाढवू नका.

आणि घरी बसून एक कागद तयार करा. दोन महिन्यांऐवजी दोन वर्षांचं बोलावणं आलं तर घराचा हप्ता कोणत्या खात्यातून जाईल, मुलाला शाळेतून कोण आणेल, आईवडिलांच्या दवाखान्याच्या फाइली कुठे आहेत, विम्याच्या पॉलिसीत युद्धसेवेबद्दल काय लिहिलंय. प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचं नाव हवं, आणि त्या माणसाला ते माहीत असायला हवं. बायकोने तो कागद वाचून ‘जमेल’ म्हटलं, की पुढची जाहिरात बघा. वयाची मर्यादा ४२ आहे, तेव्हा हे एक वर्ष तयारीत गेलं तरी उशीर झालेला नसेल.